नोटीस बजावली, पुढे काय?
शिकस्त इमारती आणि स्थानिक प्रशासनाचे कर्तव्य

२५ जुलै २०२५ हा दिवस दर्यापूरकरांच्या दीर्घकाळ स्मरणात राहील. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते त्या दिवशी दर्यापूर येथील न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. गवई कुटुंबाचे मूळ गाव दारापूर हे याच तालुक्यातील असल्यामुळे त्या सोहळ्याला घरच्या कार्याची आपुलकी होती. त्याच दिवशी सकाळी राजस्थानच्या झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी या गावी सरकारी शाळेचे छत कोसळले आणि सात विद्यार्थी मृत्युमुखी पडले. छतातून खडे पडत असल्याचे मुलांनी आधी सांगितले होते, असे वृत्त पुढे प्रसिद्ध झाले.

या दोन बातम्यांचा परस्परांशी संबंध नाही. मात्र दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या की एक प्रश्न मनात उभा राहतो. एखादी वास्तू धोक्याची झाली आहे हे कळल्यापासून ती पडेपर्यंत काही दिवस, काही महिने, कधी काही वर्षे जातात. त्या काळात स्थानिक प्रशासन नेमके काय करते? आम्हाला या लेखात त्या मधल्या काळाचा विचार करावयाचा आहे. बहुतेक दुर्घटना अज्ञानामुळे घडत नाहीत, असे आमचे मत आहे. धोका ठाऊक असतो, त्याची नोंद असते, पत्रव्यवहारही झालेला असतो. कागदानंतर जी कृती व्हावयास हवी, ती मात्र राहून गेलेली असते.

अमरावतीचा धडा

उदाहरणासाठी राजस्थानपर्यंत जाण्याचे कारण नाही. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी अमरावती शहरातील प्रभात चौकात भरदुपारी एक जुनी इमारत कोसळली आणि पाच जणांचा बळी गेला. ही इमारत महापालिकेच्या दृष्टीने अपरिचित नव्हती. ती शिकस्त असल्याचे ठाऊक होते, नोटिसा दिल्या गेल्या होत्या, वरचा भाग उतरविण्यातही आला होता. तरीही तळमजल्यावरील व्यवहार चालू राहिले आणि मृत्यू ओढवला तो तेथे असलेल्या माणसांवर. शासनाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपयांची मदत जाहीर केली आणि चौकशीचे आदेश दिले.

या घटनेतून एक गोष्ट स्पष्ट होते. अर्धवट उतरविलेली इमारत ही पुष्कळदा पूर्ण उभ्या असलेल्या इमारतीहून अधिक धोक्याची असते. वरचे छप्पर गेले की पावसाचे पाणी थेट भिंतींत मुरते, आणि तुळया काढल्या की भिंतींना एकमेकींशी जखडून ठेवणारा बंध सुटतो. अशा वेळी प्रशासनाने अर्धे काम करून उरलेले मालकावर सोपविणे म्हणजे धोका कमी केल्याचे केवळ समाधान मिळविणे होय. नोटीस बजावली, तिची पोच फाइलला लागली, की जबाबदारी कार्यालयातून निघून मालकाच्या दारात जाऊन पडते. इमारत मात्र आहे तेथेच उभी असते आणि माणसे तिच्याखालून ये-जा करीत राहतात.

कायदा अपुरा आहे काय?

कायद्यात अधिकार नाहीत, असे कोणी म्हणू शकणार नाही. दर्यापूरसारख्या नगरपरिषदांना महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ लागू आहे. या अधिनियमाच्या कलम १९५ अन्वये पडावयास आलेल्या वा धोकादायक झालेल्या बांधकामाबाबत मुख्याधिकारी मालकाला किंवा भोगवटादाराला लेखी नोटीस देऊन ते पाडण्यास, दुरुस्त करण्यास वा सुरक्षित करण्यास भाग पाडू शकतात. महानगरपालिकांना असाच अधिकार १९४९ च्या अधिनियमातील कलम २६४ ने दिला आहे. तेथे तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेण्याची तरतूदही आहे. शिवाय आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि संकटप्रसंगी माणसे हलविण्याचे अधिकार त्यांच्याकडे आहेत.

राज्याच्या नगरविकास विभागाने २०१५ मध्ये धोकादायक इमारतींची वर्गवारीही ठरवून दिली. ‘सी-१’ म्हणजे राहण्यास अयोग्य, तत्काळ रिकामी करून पाडावयाची इमारत. ‘सी-२ अ’ म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती करावयाची. ‘सी-२ ब’ म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करता येण्यासारखी. आणि ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. ही वर्गवारी सामान्य नागरिकालाही समजण्यासारखी आहे. आपले घर यांपैकी कोणत्या वर्गात मोडते, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक रहिवाशाला आहे. पण दरवर्षी मे-जून महिन्यांत वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध होणाऱ्या बातम्यांत ‘अमुक इमारतींना नोटिसा’ एवढाच आकडा दिसतो. त्यांपैकी किती रिकाम्या झाल्या, किती दुरुस्त झाल्या, किती जशाच्या तशा पुढच्या वर्षीच्या यादीत आल्या, हा हिशेब सहसा मांडला जात नाही.

लहान नगरपरिषदांची अडचणही समजून घेतली पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार दर्यापूर-बनोसाची लोकसंख्या सुमारे ३६ हजार होती. एवढ्या गावाचा बांधकाम विभाग मोजक्या अभियंत्यांवर चालतो. रस्ते, नाल्या, घरकुलांचे हप्ते आणि अतिक्रमणे हे सारे सांभाळून त्यांनीच जुन्या भिंतींची पाहणी करावयाची असते. संरचनेची खरी परीक्षा ही वेगळी विद्या आहे. बाहेरून नजर टाकून दिलेला शेरा तिची जागा घेऊ शकत नाही. म्हणून लहान नगरपरिषदांना अभियांत्रिकी महाविद्यालयांची मदत उपलब्ध करून देणे हे शासनाचे काम आहे. अमरावतीत जुने शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील ज्ञान तालुक्यापर्यंत पोहोचविणे अशक्य नाही.

माणसे घर का सोडत नाहीत?

नोटीस मिळूनही रहिवासी हलत नाहीत, अशी प्रशासनाची नेहमीची तक्रार असते. तिच्यात तथ्य आहे. पण ती अपुरी आहे. मृत्यूच्या छायेत कोणी हौसेने राहत नाही.

जुन्या वाड्यांत अनेक हिस्सेदार असतात. एक पुण्यात, दुसरा नागपुरात, तिसरा वाड्यातच. दुरुस्तीचा खर्च कोणी करावयाचा, यावरच वर्षे निघून जातात. भाडेकरूची भीती निराळी असते. एकदा घराबाहेर पडलो की मालक परत घेणार नाही, आणि जुन्या भाड्याची जागा कायमची जाईल, असे त्याला वाटते. ही भीती घालविणारा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात दिला आहे. इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपुष्टात येत नाही, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. नोटिशीसोबत ही गोष्ट साध्या मराठीत लिहून दिली आणि रहिवाशाने व्यापलेल्या जागेचे मोजमाप करून त्याला प्रमाणपत्र दिले, तर कितीतरी माणसे वेळेवर घर सोडतील.

गरिबाचा प्रश्न याहून कठीण. शहरी भागात प्रधानमंत्री आवास योजनेतून स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्र व राज्य मिळून अडीच लाख रुपयांचे साहाय्य मिळू शकते. पण त्यासाठी जागा नावावर असावी लागते. ज्याची भिंत पडावयास आली आहे, त्याच्याकडे नेमका तोच कागद नसतो. मुंबईत म्हाडाची संक्रमण शिबिरे तरी आहेत. तालुक्याच्या गावी तशी सोय कोठून आणावयाची? ‘घर रिकामे करा’ असे सांगणाऱ्या कागदावर ‘आणि येथे राहा’ हे वाक्य नसेल, तर त्या नोटिशीचा उपयोग दुर्घटनेनंतर न्यायालयात दाखविण्यापुरताच उरतो.

वऱ्हाडची माती, वऱ्हाडचे पाणी

दर्यापूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारात घेणे अगत्याचे आहे. हा तालुका पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडतो. येथील काळी कापसाची माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जमिनीच्या या श्वासोच्छ्वासाबरोबर उथळ पायाचे घरही दरवर्षी वर-खाली होते आणि भिंतींना तिरप्या चिरा जातात. अशा जमिनीसाठी खाली फुगीर बुंधा असलेल्या खोल खांबांचा पाया घालण्याची पद्धत रूरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने कित्येक दशकांपूर्वी विकसित केली. तिचा वापर मात्र मोठ्या इमारतींच्या पलीकडे फारसा झाला नाही.

पाण्याचा दोष त्याहून छुपा आहे. लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटसाठी वापरावयाच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून अधिक असू नये, अशी मर्यादा ‘आयएस ४५६’ या भारतीय मानकात आहे. खारपाणपट्ट्यातील विहिरी व बोअरचे पाणी किती खारट असते, हे येथील गृहिणींना सांगावयास नको. ते पाणी बांधकामात वापरले की सळ्या आतून गंजतात, फुगतात आणि स्लॅबचे पापुद्रे सुटू लागतात. त्यामुळे येथे इमारतीचे वय केवळ वर्षांत मोजून भागणार नाही. इतरत्र तीस वर्षांनी होणारी तपासणी येथे कितीतरी आधी करावी लागेल. जुन्या धाब्याच्या मातीच्या घरांचे तर विचारूच नका. पाच-सहा दिवसांची झड लागली की पांढरी माती भिजून जड होते, आणि पाऊस उघडल्यावर, सारे निश्चिंत झालेले असताना, भिंत बसते.

राज्यभर एकाच साच्यात छापलेली नोटीस या भूमीला लागू पडत नाही, हे आमचे म्हणणे आहे ते यासाठी.

सरकारला नोटीस कोण देणार?

खाजगी मालकाला नोटीस देणारे प्रशासन स्वतःही हजारो वास्तूंचे मालक आहे. २१ ऑगस्ट २०१७ रोजी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषदेच्या शाळेचे छत कोसळून तीन विद्यार्थी दगावले. शिकस्त वर्गखोली पाडावयाची तर आधी तिचे ‘निर्लेखन’ व्हावे लागते. शाळा, पंचायत समिती, बांधकाम उपविभाग आणि जिल्हा परिषद अशा टेबलांवरून तो प्रस्ताव फिरतो. तेवढ्या काळात मुले मोठी होऊन पुढच्या वर्गात जातात, प्रस्ताव मात्र मागच्याच वर्गात राहतो.

१५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. तेथे धोक्याचा फलक होता आणि नव्या पुलासाठी सुमारे आठ कोटी रुपये मंजूरही होते. फलक होता, निधी होता; पण रविवारच्या गर्दीला अडविणारा माणूस नव्हता. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल पडला, तेव्हा तर त्याचे स्ट्रक्चरल ऑडिटही झालेले होते आणि किरकोळ दुरुस्तीपलीकडे त्यात काही सुचविलेले नव्हते. पुढे ऑडिट करणाऱ्याला अटक झाली. तात्पर्य असे की फलक, निधी, ऑडिट यांपैकी एकही गोष्ट एकट्याने जीव वाचवीत नाही.

नवी इमारत म्हणजे सुरक्षित इमारत नव्हे

जुने तेवढे धोक्याचे, हा समजही सोडून द्यावा लागेल. २४ ऑगस्ट २०२० रोजी रायगड जिल्ह्यातील महाड येथे ‘तारिक गार्डन’ ही इमारत कोसळून १६ जण मरण पावले. ती जेमतेम सात वर्षांची होती. महाड हे दर्यापूरसारखेच नगरपरिषदेचे गाव. तेथे बांधकाम व्यावसायिकाबरोबरच वास्तुविशारद, नगरपरिषदेचे अभियंता आणि तत्कालीन मुख्याधिकारी यांच्यावरही गुन्हा दाखल झाला. पूर्णत्वाच्या दाखल्यावरील सही ही केवळ औपचारिकता नसते, हे त्यातून दिसले.

२१ सप्टेंबर २०२० रोजी भिवंडीतील ‘जिलानी’ इमारत पडली आणि किमान ३८ जणांचा बळी गेला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सविस्तर निकाल दिला. तरीही २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरार येथील अनधिकृत ‘रमाबाई अपार्टमेंट’चा भाग कोसळून १७ जण गेले. वसई-विरार परिसरात आपले असंख्य बांधव राहतात. ही बातमी अनेक ख्रिस्ती घरांत काळजीने वाचली गेली असेल. अनधिकृत इमारत एका रात्रीत उभी राहत नाही. पाया खणताना, खांब उभारताना, स्लॅब टाकताना ती रस्त्यावरून सर्वांना दिसत असते. ज्या दिवशी तिला प्रशासन हटकत नाही, त्या दिवशीच पुढील दुर्घटनेची पायाभरणी होते.

बुलडोझर हे उत्तर नव्हे

मग दिसेल ते पाडावे काय? तसेही नाही. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्या. भूषण गवई व न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने पाडकामांविषयी देशव्यापी निर्देश दिले. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस, ती नोंदणीकृत टपालाने पाठवून बांधकामावरही चिकटविणे, बाधिताची सुनावणी, कारणांसह आदेश आणि पाडकामाचे चित्रीकरण ही बंधने त्यात आहेत. ती मोडणाऱ्या अधिकाऱ्याला व्यक्तिशः भरपाई द्यावी लागेल, असेही न्यायालयाने बजावले.

हा निर्णय मुख्यतः अनधिकृत बांधकामे व शिक्षा म्हणून केली जाणारी पाडापाड यांसंबंधी आहे. शिकस्त इमारतीच्या बाबतीत प्रश्न तासांचा असू शकतो आणि तेथे प्रथम माणसे हलविणेच योग्य. परंतु दोन्हींच्या मुळाशी तत्त्व एकच आहे: घर हे केवळ विटा-मातीचे नसते, त्याच्याशी माणसाची प्रतिष्ठा बांधलेली असते. माणसे आज हलवावीत. पाडण्याचा निर्णय मात्र तपासून, ऐकून घेऊन आणि कारणे देऊन करावा. या दोन गोष्टींची गल्लत झाली की एक तर जीव जातो, नाही तर हक्क जातो.

आपल्या अंगणातील भिंती

इतरांना उपदेश करताना स्वतःच्या वास्तूंकडेही पाहिले पाहिजे. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळात एका मंदिराजवळच्या टिनाच्या शेडवर जुने कडुनिंबाचे झाड कोसळून सात भाविकांचा मृत्यू झाला. प्रार्थनास्थळ कोणत्या धर्माचे, हे वारा विचारीत नाही. आपल्या धर्मग्रामांतही जुनी चर्च आहेत, शाळा आहेत, वसतिगृहे आहेत, संरक्षक भिंती आहेत. सणाच्या मिस्सेला शेकडो माणसे ज्या सज्जावर वा मंडपाखाली उभी राहतात, त्याची शेवटची तपासणी कधी झाली, हे धर्मग्राम परिषदेच्या सभेत विचारले गेले पाहिजे.

पवित्र शास्त्राला हा विषय परका नाही. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा घालावा, नाही तर पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, अशी आज्ञा अनुवाद ग्रंथाच्या २२ व्या अध्यायात आहे. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांचा उल्लेख येतो. ते इतरांहून अधिक पापी होते, ही समजूत प्रभू येशूने तेथे नाकारली आहे. म्हणूनच दुर्घटनेनंतर ‘त्यांचे नशीब’ किंवा ‘देवाची इच्छा’ असे म्हणून मोकळे होण्याची सोय आपल्याला नाही. दर्यापूरच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव ही संत गाडगे महाराजांची जन्मभूमी. गावात आले की ते आधी खराटा हाती घेत आणि मग कीर्तनाला उभे राहत. आधी कृती, मग शब्द, हा क्रम या भूमीला शिकवावा लागू नये.

काय मागावे, काय करावे?

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. त्यापूर्वी अनेक ठिकाणी दीर्घकाळ प्रशासकांचा कारभार होता. आता प्रश्न विचारण्यासाठी लोकनियुक्त सदस्य आहेत. त्यांच्याकडे पुढील गोष्टींची मागणी व्हावी, असे आम्ही सुचवितो.

१. धोकादायक इमारतींची यादी वर्गवारीसह नगरपरिषदेच्या फलकावर लावावी. मागील वर्षीच्या यादीचे काय झाले, हेही तिच्या शेजारी लिहावे. यादी मिळत नसल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये ती मागता येते.

२. प्रत्येक नोटिशीत तात्पुरत्या निवाऱ्याचे ठिकाण नमूद असावे. पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरते समाजमंदिर, नगरपरिषदेची शाळा वा रिकामे सभागृह यांतून ते उभे करता येईल. आपल्या संस्थांनीही यात जागा देऊ करावी.

३. भाडेकरूला त्याच्या जागेचे मोजमाप व हक्क दर्शविणारे प्रमाणपत्र घर सोडतानाच मिळावे.

४. सरकारी शाळा, अंगणवाड्या, दवाखाने व पूल हेही याच यादीत असावेत, आणि शिकस्त वर्गखोलीला निर्लेखनाची वाट न पाहता त्याच दिवशी कुलूप लागावे.

५. बांधकाम परवानगी देताना मातीची व पाण्याची तपासणी झाली आहे काय, हे पाहिले जावे. खारपाणपट्ट्यात हा खर्च चैनीचा नाही.

यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. पावसाळा दरवर्षी ठरलेल्या वेळी येतो. त्याच्या आधीचे दोन महिने आपल्या हाती असतात. धर्मग्रामातील ज्या तरुणांनी स्थापत्याचे शिक्षण घेतले आहे, त्यांनी त्या दोन महिन्यांतील एखादा रविवार आपल्या परिसरातील जुन्या घरांसाठी द्यावा. चिरा कोठे रुंदावत आहेत, तुळई कोठे वाकली आहे, भिंत कोठे पोटात आली आहे, याची नोंद करून ती मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. त्यानंतर पंधरा दिवसांनी जाऊन पुढे काय झाले, हे विचारावे. पहिल्या अर्जापेक्षा हे दुसऱ्यांदा जाणेच अधिक मोलाचे ठरेल.